निकाळजेबाईंच्या शाळेत आमदार आले तेव्हा

मुलुंड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून डोंगराच्या दिशेनं चालत राहिलं, की डांबरी रस्ता संपतो तिथं त्या काळी खडीवाडी लागायची. अडीचशे-तीनशे झोपड्या, एक बुद्धविहार, दोन नळ, आणि वर चढावर पत्र्याच्या छपराची शाळा. शाळेच्या पाठीमागे दगडाची खाण. वनमाला निकाळजे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वस्तीत त्यांना मुख्याध्यापिका कुणी म्हणत नसे. नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

बाई दोन वर्षांच्या होत्या तेव्हा आईवडील बीडकडचं गाव सोडून इथं आले. वडील खाणीत दगड फोडायचे, आई खाली बसून खडी करायची. वनमाला सकाळी म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायची आणि दुपारी आईशेजारी बसून हातोडी चालवायची. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीच्या हातातली हातोडी काढून घेतली. म्हणाले, "पुरं झालं आता. उद्यापासून तू फक्त शिकायचं." आई मात्र खडी करत राहिली आणि दगडाची धूळ छातीत साठून चाळिशीच्या आतच गेली. वनमाला शिकली, ट्रेनिंग कॉलेजात गेली, मास्तरीण झाली. लग्न भांडुपच्या औषधकंपनीत काम करणाऱ्या सहदेव निकाळजेंशी झालं, दोन मुलं झाली, चाळीत चांगली खोली झाली. तरी एकाहत्तर साली खडीवाडीत शाळा निघतेय म्हटल्यावर त्यांनी बरी नोकरी सोडून इथं अर्ज केला. आठ वर्षांनी त्या तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या.

शाळा एका शिक्षणसंस्थेची होती, पण जमीन खाणमालकानं दान दिलेली, तीही नुसती तोंडी. दान दिली तेव्हा खाण लांब होती. डोंगर खात खात ती दरवर्षी जवळ आली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत शाळेची मागची भिंत आणि खाणीचा कडा यांत शंभर पावलंही उरली नव्हती.

सुरुंग उडवायच्या आधी खाणीत तीन शिट्ट्या व्हायच्या. तिसऱ्या शिट्टीनंतर एक मिनिट, आणि मग धडाका. त्याला ठरलेली वेळ नव्हती. कधी बाराला, कधी तीनला, कधी दिवसातून दोनदा. शिट्टी ऐकली की सगळी मुलं हातातलं टाकून मागच्या भिंतीला चिकटून उकिडवी बसत आणि दप्तर डोक्यावर धरत. ज्यांच्याकडे दप्तर नाही ती पाटी धरत. मग हादरा बसे, पत्र्यावर खडे वाजत, फळ्यावरचा खडू खाली पडे. पहिलीतली पोरं मुळाक्षरांच्या आधी हे शिकत. पाहुण्या माणसाला त्याचं नवल वाटायचं. शाळेला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं, आणि बाईंना भीती वाटायची ती याचीच.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत तिसरीतली जया मेली. म्हणजे जिवानिशी नाही. बाई तसं म्हणत, आणि कुणी चूक काढली तरी शब्द बदलत नसत. नऊ वर्षांची जया कविता म्हणायला वर्गापुढे उभी होती. शिट्टी झाली, सगळी भिंतीकडे पळाली, जयाही पळाली, पण तिची पाटी टेबलावर राहिली होती म्हणून ती मागे वळली. लिंबाएवढा दगड पत्रा फोडून आला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. बाईंनी तिला पदरात गुंडाळून स्वतः उचललं आणि चढावरून खाली धावत नेलं. डोळा वाचला नाही. उजवाही पुढे अधू होत गेला. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं कविता म्हणणारी पोर बोलायचीच बंद झाली.

जयाचे आईबाप खाणीतच कामाला. दुसऱ्या दिवशी बाई पोलीसचौकीत गेल्या तर आधीच लिहून झालं होतं, 'खेळताना पडून इजा'. खाली बापाचा अंगठा. बाईंनी त्याला विचारलं, "का रे दिलास अंगठा?" तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, अजून तीन आहेत घरात. त्यांना काय घालू?" महिन्याभरानं ते कुटुंब गावी निघून गेलं.

तेव्हापासून बाईंनी एक वही सुरू केली. शाळेच्या आवारात पडलेला प्रत्येक दगड त्या उचलून ठेवत, त्यावर चुन्यानं आकडा घालत, आणि वहीत तो आकडा, तारीख, वेळ आणि जागा लिहीत. कपाटातला खालचा कप्पा भरला. मग त्यांनी अर्ज सुरू केले. म्युनिसिपालिटी म्हणाली, खाण आमच्या हद्दीत येत नाही, कलेक्टरकडे जा. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी नकाशा काढून पाहिलं आणि सांगितलं, "नकाशात खाण आहे, शाळा नाहीच. उलट तुमचीच शाळा बेकायदा ठरेल. बघा बुवा." संस्थेचे चिटणीस शिवदास पाटकर यांना हे कळलं तेव्हा त्यांनी बाईंना घरी बोलावून चहा पाजला आणि विचारलं, "जमीन कुणाची आहे, बाई?"

सहदेव घरी एकच म्हणाले, "बदली मागून घे." बाई म्हणाल्या, "माझी होईल. पोरांची कुठं मागू?"

शेवटचं दार म्हणून त्या आमदारांकडे गेल्या. दत्ताराम घाग पंच्याऐंशीच्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आले होते. बाप गिरणीकामगार, स्वतः युनियनमधून वर आलेले, माणूस रांगडा पण ऐकून घेणारा असा लौकिक. शनिवारी सकाळी त्यांच्या ऑफिसात लोक भेटत. बाई पाच शनिवार गेल्या. पाचव्या शनिवारी नंबर लागला. घागांनी वही चाळली. दोन-तीन पानं नीट वाचली. मग म्हणाले, "बाई, कागदं माझ्याकडे पोत्यानं येतात. खाणवाल्याचीपण येतील. मी स्वतः येतो. माझ्यासमोर सुरुंग वाजू दे, माझ्यासमोर दगड पडू दे. मग बघतो खाण कशी चालते ती." त्यांनी तिथंच डायरी काढली. "सोळा जानेवारी. अकरा वाजता."

बाई त्या दिवशी स्टेशनपासून शाळेपर्यंत चालत आल्या. वाटेत त्यांनी पाव किलो बत्तासे घेतले आणि शाळेत वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

पण आमदार यायचे म्हणजे ते एकट्या मुख्याध्यापिकेच्या हातात राहत नाही. आठवड्याभरात पाटकरांनी सगळं ताब्यात घेतलं. कार्यक्रमपत्रिका छापली. 'नूतन छताचे उद्घाटन' असं त्यावर आलं तेव्हा बाईंना कळलं की छत नवीन होणार आहे. दहा तारखेला ट्रकमधून पत्रे आले, खाणमालकाकडून भेट. दोन दिवसांत जुने पत्रे उतरले. त्या पत्र्यांना एकतीस भोकं होती, आणि प्रत्येक भोक बाईंना तारखेसकट पाठ होतं. त्या चिटणिसांना म्हणाल्या, "साहेब, ते हेच बघायला येतायत. निदान एक वर्ग तसाच ठेवा."

पाटकर मनानं वाईट नव्हते. त्यांनी वस्तीवस्तीतून फिरून ही शाळा उभी केली होती, आणि ती बंद पडेल या भीतीनं त्यांना झोप लागत नसे. ते म्हणाले, "पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण फाटकी चादर अंथरतो का, बाई? पत्रे मिळतायत, भिंतीला चुना मिळतोय. पदरात पडतंय ते घ्या. तुम्ही खाण बंद करायला जाल आणि खाणवाला जमीन परत मागेल. मग दोनशे दहा पोरं कुठं बसवणार तुम्ही? विहारात?"

बाई स्वागतगीत बसवायला गेल्या.

चौदा तारखेला मुलं तिळगूळ वाटत होती. चौथीतली राधा बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवून सहज म्हणाली, "बाई, परवा आमचे बाबा घरीच आहेत. खाणीला सुट्टी आहे. मशीन दुरुस्त करणार आहेत."

राधाचे बाबा म्हणजे सीताराम. खाणीत सुरुंग उडवायचं काम तोच करी. पत्रे गेले, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि आता आवाजही जाणार. आमदार येणार, शांत डोंगर बघणार आणि निघून जाणार. एवढी खटपट, पाच शनिवार, वही, दगड, सगळं पाण्यात.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या सीतारामच्या झोपडीत गेल्या. त्याची बायको प्रेमा चुलीपाशी होती. मुख्याध्यापिका घरी आल्या म्हणून तिनं घाईघाईनं चटई टाकली. सीताराम नुकताच हातपाय धुऊन बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "सीताराम, परवा अकरा वाजता एक सुरुंग वाजव. एकच. लहान चालेल."

सीताराम बायकोला म्हणाला, "पोरीला घेऊन बाहेर बस जरा." प्रेमा हलली नाही.

"बाई, माझ्या हातात वात आहे, हुकूम नाही," तो म्हणाला. "जिलेटिनच्या कांड्या कोठीत असतात. कोठीची किल्ली मॅनेजरकडे. सुट्टीच्या दिवशी मी कोठीपाशी दिसलो तरी जेलात जाईन."

"राधा त्याच छपराखाली बसते."

"मला ठाऊक नाही काय?" तो म्हणाला. "वात पेटवली की मी मोजायला लागतो. माणसं मोजतात साठपर्यंत. मी मनात शाळेतली भिंत आणतो, आणि राधा तिच्यापाशी पोचली का ते बघतो. रोज. पण मी सोडलं तर उद्या दुसरा येईल. त्याची पोर तुमच्या शाळेत नसेल."

प्रेमा चुलीकडे बघत म्हणाली, "जया पडली त्या दिवशी हे जेवले नव्हते, बाई. चार दिवस. तो सुरुंग ह्यांनीच लावलेला."

बाई उठल्या. दारात थांबून त्यांनी सीतारामला हात जोडले. त्यानंही जोडले. खाली उतरताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण वेड्यासारखं वागतोय. आपण एका बापाला त्याच्या पोरीच्या डोक्यावर दगड टाकायला सांगायला आलो होतो.

सोळा तारखेला मुलं नऊ वाजल्यापासून उन्हात उभी होती. पहिली-दुसरीच्या मुलींना परकर-पोलकी, डोक्यात गजरे. मांडव खाणमालकाचा, खुर्च्या खाणमालकाच्या. अकरा वाजले, बारा वाजले. आमदार एका उद्घाटनाला भांडुपला अडकल्याचा निरोप आला. साडेबाराला सहावीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत निजवून बाई परत रांगेपाशी आल्या. मागे खाण गप्प होती. खडी फोडायच्या क्रशरची घरघरसुद्धा नव्हती. एवढी शांतता बाईंनी शाळेत चौदा-पंधरा वर्षांत ऐकली नव्हती. कुठंतरी डोंगरात पक्षी ओरडत होता तोही ऐकू येत होता.

दीड वाजता दोन गाड्या आल्या. पहिलीतून घाग उतरले, दुसरीतून खाणीचा मॅनेजर. घागांनी बाईंना ओळखलं. "बाई, उशीर झाला, माफी असावी," असं म्हणाले, आणि डोंगराकडे बघून थांबले. "वा. जागा काय झकास आहे. एवढं शांत मुलुंडात कुठं मिळत नाही."

मॅनेजर हसला. पाटकर हसले.

स्वागतगीत झालं. फीत कापली. घागांनी वर नव्या पत्र्यांकडे बघून मान डोलावली. पाटकरांनी खाणमालकाच्या दानतीवर दहा मिनिटं भाषण केलं. मग घाग पाच मिनिटं बोलले. शिक्षण, वाघिणीचं दूध, आपल्या बापानं गिरणीत कसे दिवस काढले. बोलता बोलता त्यांनी घड्याळ पाहिलं. कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ होती, 'आभार : मुख्याध्यापिका'. पाटकरांनी आभाराचं भाषण स्वतः लिहून बाईंच्या हातात दिलं होतं. अर्धं पान.

बाई माइकपाशी गेल्या. कागद उघडला. अक्षरं दिसेनात. समोर दोनशे दहा मुलं उन्हानं कोमेजून बसली होती. मागे गडीमाणसं खुर्च्या गोळा करायच्या तयारीत उभी होती. आता हे दोन मिनिटांत संपणार आणि उद्या परत शिट्टी होणार. यापुढे कुणाकडे जायचं ते दार उरलं नव्हतं. बाईंनी पुढे सांगितलं की आपण काही ठरवलं नव्हतं. हात आपणहून गळ्याकडे गेला. रांगा लावायला सकाळपासून गळ्यात पी.टी.ची शिट्टी होती.

त्यांनी ती तीनदा वाजवली. खाणीत वाजते तशी, लांब.

क्षणभर काही झालं नाही. मग दोनशे दहा मुलं एकदम उठली. एकानंही आवाज केला नाही. मांडवातून, खुर्च्यांमधून, आमदारांच्या पायांशेजारून ती शाळेच्या भिंतीकडे पळाली आणि ओळीनं उकिडवी बसली. दप्तरं वर्गात होती म्हणून सगळ्यांनी नुसते हात डोक्यावर धरले. मोठ्या मुलींनी पहिलीच्या मुलांना पोटाशी घेतलं होतं. परकर-पोलक्यातली एक चिमुरडी वाट चुकून माइकशेजारच्या खांबाला मिठी मारून बसली आणि डोळे मिटून मोजू लागली. एक, दोन, तीन. माइक चालू होता. तिचं मोजणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

घाग उभे राहिले. "हे काय आहे?"

पाटकर पांढरेफटक पडले होते, पण तोंडानं त्यांची साथ सोडली नाही. "कवायत, साहेब. नागरी संरक्षणाची कवायत. बाईंनी बसवलीय."

घागांबरोबरच्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या गड्यांनीही वाजवल्या. टाळ्यांच्या आवाजानं भिंतीपाशी कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं, आणि मग लहान मुलं एकामागून एक रडायला लागली. त्यांना वाटलं, सुरुंग झाला.

"कवायत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "रोज असंच बसतात. आज खाण बंद ठेवलीय, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. पत्रे चार दिवसांपूर्वी बदलले, म्हणून दिसलं नाही. मुलं बदलता आली नाहीत कुणाला." त्यांनी वर्गातून दगडांचं घमेलं आणून टेबलावर ठेवलं, शेजारी वही.

घागांनी एक दगड उचलला. तळहातावर तोलला. मॅनेजरला विचारलं, "काय हो?"

"डोंगर आहे, साहेब. दगड घरंगळतात," मॅनेजर म्हणाला.

घागांनी दगडावरचा चुन्याचा आकडा पाहिला, तो वहीत शोधला आणि वाचला. मग भिंतीकडे गेले. एका मुलीसमोर उकिडवे बसले. ती राधा होती. तिनं अजून हात खाली घेतले नव्हते. घागांनी तिचे हात धरून खाली केले, तिच्या केसांवरून हात फिरवला. बाईंना वाटलं, झालं. हा माणूस समजला. आता होणार.

घाग उठले, बाईंपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला दिसलं. पण तुम्हाला खोटं सांगत नाही. हा खाणमालक माझ्या एकट्याच्या आवाक्यातला नाही. बघतो मी." ते गाडीत बसले. मॅनेजरची गाडी त्यांच्या मागोमाग गेली.

मुलं अजून रडत होती. पहिलीतल्या तिघांचे कपडे ओले झाले होते. बाईंनी त्यांचे परकर, चड्ड्या स्वतः धुऊन कुंपणावर वाळत घातल्या. त्या धुताना त्यांच्या मनात आमदार नव्हते, पाटकर नव्हते. आपण मुलांना फसवलं, एवढंच होतं. ज्या शिट्टीवर त्यांचा जीव टांगलेला, ती आपण खोटी वाजवली. उद्या खरी वाजली आणि एखादं पोर उठलंच नाही तर?

दुसऱ्या दिवशी एक वाजता शिट्टी झाली. सगळी पोरं उठली. त्या दिवशी वर्गात बाईंना पुढचं काही शिकवता आलं नाही.

घागांनी अगदीच काही केलं नाही असं नाही. विधानसभेत एक प्रश्न विचारला. उत्तर आलं, 'सदर ठिकाणी शाळा असल्याची नोंद नाही.' संस्थेनं बाईंना मुलांना घाबरवून संस्थेची बदनामी केल्याबद्दल खुलासा मागितला आणि मार्चअखेर मुख्याध्यापकपद काढून घेतलं. पाटकर स्वतः पत्र घेऊन आले. "शिक्षिका म्हणून ठेवलंय, तेवढं तरी मी भांडून घेतलं," असं म्हणाले, आणि ते खरं होतं. सहदेव पुन्हा बदलीचं बोलले नाहीत. त्या वर्षी बाई घरात फार कमी बोलत. रात्रीचं ताट तसंच राही. मुलगा एकदा म्हणाला, "आई, तू सारखी वर छताकडे बघतेस." चाळीचं छत काँक्रीटचं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी प्रेमा राधाला सोडायला आली. एरवी ती कधी येत नसे. बाईंच्या जवळ येऊन, पदर सारखा करत, खाली मान घालून म्हणाली, "आज तीन वाजता. सात भोकं."

बाईंना आधी कळलं नाही.

"सुरुंग किती न् केव्हा, सकाळीच ठरतं ते," प्रेमा म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, रोज सांगून जात जा. पण तुम्ही कुणाचं नाव घेऊ नका."

त्या दिवशी पावणेतीनला बाईंनी आपला पाचवीचा वर्ग उठवला आणि रांगेनं चढ उतरून खाली बुद्धविहारात नेऊन बसवला. तीनला वर धडाका झाला. मुलांनी सवयीनं हात डोक्यावर नेले. विहाराचं छप्पर हललं नाही. नवे मुख्याध्यापक दोन दिवस बघत राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "वेळ कळते कुठून?" बाई म्हणाल्या, "कळते." त्यांनी पुढे विचारलं नाही. आठवड्याभरात सातही वर्ग रोज उतरू लागले. पावसात चिखलातून, उन्हात तापलेल्या खडकावरून, दोनशे दहा मुलं खाली आणि परत वर. जायला-यायला पाऊण तास जाई. तेवढा अभ्यास बुडे. स्कॉलरशिपला दरवर्षी दोन-तीन मुलं बसायची, ती बसेनाशी झाली. वरून साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी 'अध्यापनाचा वेळ वाया' असा शेरा मारला.

कधी प्रेमा आजारी असे, कधी वेळ ऐनवेळी बदले. तेव्हा जुनीच भिंत आणि जुनंच बसणं. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात सातवीतल्या एका मुलाचं मनगट मोडलं. बाईंनी वहीत आकडा लिहिला नाही. वही लिहायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बांधत असलेल्या चार इमारती पुऱ्या झाल्या. सात-सात मजल्यांच्या, लिफ्टच्या. माणसं राहायला आली आणि दोन महिन्यांत त्यांच्या खिडक्यांच्या काचांना तडे गेले. सोसायटीनं वकील केला. कलेक्टर कचेरीतून माणसं आली, नकाशे आले. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत खाण बंद झाली. चार वर्षांत जे झालं नाही ते सात आठवड्यांत झालं. पाटकर पेढे घेऊन शाळेत आले. बाईंनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्यांना हसू आलं नाही, रडूही आलं नाही. फक्त जया आठवली, आणि ती कुठल्या गावी आहे ते आपण विचारूनसुद्धा ठेवलं नाही हे आठवलं.

आठ दिवसांनी शाळेत पालक यायला लागले. खाण बंद म्हणजे वस्तीतल्या निम्म्या चुली बंद. कुणी चेंबूरकडे काम मिळतंय म्हणत होतं, कुणी माहुलला तेलाच्या कारखान्यात रोजंदारीवर, बरेच जण गावी. सगळ्यांना मुलांचे दाखले हवे होते. बाईंचं अक्षर चांगलं म्हणून दाखले त्याच लिहीत. मार्चपर्यंत एक्केचाळीस झाले.

सीताराम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्याला या तीन वर्षांत बाईंनी एकदाही समोरासमोर पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. तो संगमनेरकडे मेहुण्याकडे, तिथल्या खाणीत काम बघायला चालला होता. दुसरं कुठलंच काम आपल्याला येत नाही, असं तो म्हणाला. राधा शेजारी उभी होती, सातवीत. महिन्यावर परीक्षा होती.

"परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे ठेव," बाई म्हणाल्या.

"नको, बाई. आता नको. एकदा जागा सुटली की सुटली." मग तो म्हणाला, "तुमच्यावर राग नाही. तुम्ही बरोबरच होता. पण काम का गेलं, ते पोरांना काय सांगू, हेच कळत नाही."

बाईंनी दाखल्याचं पुस्तक ओढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक. वर्तणूक त्यांनी 'उत्तम' लिहिली. पुढचा रकाना होता, शाळा सोडण्याचे कारण. त्यांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. राधा वाकून बघत होती. मग त्यांनी लिहिलं, 'वडिलांचे काम सुटले', सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि दाखला तिच्या हातात दिला.